ज्याची पाटी त्याने काढायची

माझे सासरे कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघतात. यजमान "या, बसा" म्हणत असतात आणि हे दाराजवळच्या बटणांसमोर उभे. बटण खाली करायचं, वर करायचं, कान देऊन ऐकायचं आणि मग "हं" म्हणायचं. या "हं"चे तीन प्रकार आहेत. आखूड "हं" म्हणजे ठीक आहे. लांब "हं" म्हणजे हे बटण वर्षभरात जाणार. आणि नुसता नाकातून निघालेला "हं" म्हणजे या घरात पाणीसुद्धा प्यायला नको. लग्नाचं बोलायला ते आमच्या घरी आले तेव्हा बैठकीच्या खोलीत हा नाकातला "हं" निघाला होता, आणि तो मला उद्देशून होता असं माझी आई आजतागायत समजते.

चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टची पेटी ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिथे त्यांनी जितके तास काढले, तितके मी माहेरीही काढले नसतील. आजूबाजूची माणसं त्यांना लिफ्टवाले म्हणतात. सासूबाईही चिडल्या की "अहो लिफ्टवाले" अशीच हाक मारतात. मुलगा मात्र, म्हणजे माझा नवरा, बल्ब बदलायला खुर्चीवर चढला की खाली दोन माणसं उभी करतो. एक खुर्ची धरायला आणि एक त्याला धीर द्यायला.

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, एक पाटी होती. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, टिनाची, कडा कानसून गोल केलेली. तिच्यावर लाल रंगात लिहिलेलं, "काम चालू आहे. हात लावू नये." खाली त्यांची सही. लिफ्टच्या कामाला हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपली पाटी तारेने बांधायची आणि मगच आत उतरायचं. पाटी ज्याची त्याने काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. दोघं कामावर असतील तर दोन पाट्या, आणि दोन्ही निघाल्याशिवाय लिफ्ट हलणार नाही.

एका इमारतीच्या मॅनेजरने एकदा हा नियम मोडला. त्याच्या पाहुण्यांना सातव्या मजल्यावर जायचं होतं. त्याने पाटी काढून स्विच चालू केला, आणि बाबा तेव्हा लिफ्टच्या छपरावर होते. दोन मजले ते छपराला पालीसारखे चिकटून वर गेले. डाव्या अंगठ्याचं नख गेलं, बाकी जीव राहिला. खाली आल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. पाटी शोधली, पुन्हा स्विचला बांधली, स्टूल आणून शेजारी बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. पाहुणे सात मजले पायी चढले. ही गोष्ट मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चार वेळा ऐकली, आणि चारही वेळा मजले सातच होते, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात हलायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग सही वाकडी झाली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे पूर्ण जाणारही नाही. कंपनीने चांगुलपणाने त्यांना ऑफिसात खुर्ची आणि रजिस्टर दिलं. चार दिवस ते खुर्चीवर बसले आणि पाचव्या दिवशी राजीनामा देऊन घरी आले. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली आणि हात खिशात गेला. घरातही ते पँट घालून बसायला लागले, कारण पायजम्याला खिसा नव्हता. जेवताना डावा हात, पेपर वाचताना डावा हात. पाहुणे आले तर "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर. भिंतीवरची बटणं बघणंही बंद झालं, आणि मला सगळ्यात जास्त ते लागलं.

आता माझ्याबद्दल. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते. आम्ही चौघं आहोत. ड्रम वाजवणारा दातांचा डॉक्टर आहे, त्याला आम्ही दातवाला म्हणतो आणि त्याचा दवाखाना बंद झाला की त्याच्याच मागच्या खोलीत सराव करतो. माझ्याकडे मी स्वतः बनवलेलं एक पेडल आहे. पेडल म्हणजे पत्र्याची डबी. गिटारची वायर आधी तिच्यात जाते आणि मग ॲम्प्लिफायरमध्ये. पायाने बटण दाबलं की स्वच्छ सूर जरा फाटतो, त्याला खर येते. सुटे भाग आणून, नकाशा बघून मी ते तीन रविवार बसून जोडलं होतं आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता.

मग आम्हाला वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम मिळाला, आणि त्यातल्या एका गाण्याने घोळ घातला. त्याच्या पहिल्या अर्ध्यात मऊ खर हवी होती आणि मध्यावर एकदम रांगडी. सकाळी डबा भरता भरता मी नवऱ्याला सांगत होते, की एकाच डबीत दोन आवाज आहेत, आत फक्त एक तार इकडची तिकडे लावली की झालं, पण गाण्याच्या मध्ये डबी उघडणार कोण? नवरा "हो ना" म्हणाला. तो कशालाही "हो ना" म्हणतो.

"टॉगल बसवायचा," पेपरामागून आवाज आला.

मी, नवरा आणि सासूबाई, तिघांनीही मान वळवली. बाबांनी पेपर खाली केला नव्हता. "छोटी दांडी असते. वर केली की एक, खाली केली की दुसरा. आण बघू ती डबी."

मी डबी आणली. मागचं झाकण उघडून त्यांनी आत डोकावलं.

"हे डाग कोणी दिलेत?" तारा जोडायला वितळवतात त्या सोल्डरच्या जोडाला ते डाग म्हणतात.

"मी."

"सर्दी झाली होती का तेव्हा? कोणीतरी शिंकल्यासारखं दिसतंय."

मला राग यायला हवा होता. मला राग चटकन येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कोणाच्या कामाला नावं ठेवली होती, आणि मी डबी त्यांच्याकडे आणखी सरकवली. त्याच दुपारी खाटेखालची पेटी बाहेर निघाली.

संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे बघ, मी आनंदात आहे आणि मी घाबरलेय. दोन्ही एकदम. हे जर फसलं ना, तर ती पेटी पुन्हा खाटेखाली जाईल आणि मग कधीच बाहेर यायची नाही. तू घाई करू नकोस. त्यांना घाई सोसायची नाही."

"आई, कार्यक्रमाला बारा दिवस आहेत."

"मग अकरा दिवस गप्प बस."

गप्प बसणं हा माझा प्रांत नाही, पण मी बसले. खिडकीजवळच्या टेबलावर डबी होती, आणि डबीवरच्या पायाच्या बटणाच्या मानेला तांब्याच्या तारेने ती टिनाची पाटी बांधलेली होती. काम चालू आहे. हात लावू नये. रोज कामावरून आले की मी चपला काढता काढता तिकडे बघायची. पहिल्या दिवशी आतली सर्किटची पट्टी बाहेर काढून कागदात गुंडाळलेली दिसली, म्हणजे भोक पाडताना पत्र्याचा चुरा तिच्यावर पडायला नको. मी ते कधीच केलं नसतं. दुसऱ्या दिवशी डबीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर पेन्सिलीची फुली. तिसऱ्या दिवशीही फुलीच. चौथ्या दिवशी फुलीच्या आजूबाजूला चार-पाच ओरखडे होते. भोक पाडण्याआधी पत्र्यावर टोच्याने खूण ठोकायची असते, आणि टोच्या घसरत होता. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं करून आत गेले.

सातव्या दिवशी भोक होतं. गोल, कडा घासलेल्या, बोट फिरवलं तर रेशमासारख्या. फिरवलं म्हणजे फिरवायची इच्छा झाली. पाटी होती ना.

नवव्या दिवशी मी आले तर पाटी नव्हती. बाबा दारातच उभे होते, हात खिशात, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असा चेहरा करून. "वाजवून बघ," म्हणाले.

डबीच्या कडेला एक टॉगल चमकत होता. असा टॉगल मी दुकानात कधी बघितला नव्हता. जाड, जड, चकचकीत. "लिफ्टच्या छपरावरच्या पॅनेलचा आहे," ते म्हणाले. "कोरा. बारा वर्षं जपून ठेवला होता. याच्यापेक्षा चांगला टॉगल या पेटीत नाही." मी गिटार जोडली, तार छेडली, आणि त्यांनी डाव्या हाताने दांडी खाली केली. मऊ आवाजाचा एकदम रांगडा झाला. मध्ये खट् नाही, गुरगुर नाही. सासूबाई दारात पदराने डोळे पुसत होत्या आणि कांदा चिरतेय म्हणून सांगत होत्या. कांदा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेले. गाणं सुरू झालं, मध्य आला, मी बुटाच्या टोकाने दांडीला ढकललं. दांडी हलली नाही. पुन्हा ढकललं. डबीच पुढे सरकली. गाणं थांबलं. मी खाली बसून नीट बघितलं तेव्हा कळलं, की हा कुलूपवाला टॉगल आहे. दांडी आधी चिमटीत धरून बाहेर ओढायची, मगच ती खालीवर होते. नुसता धक्का देऊन काही होत नाही. बाबा घरी डाव्या हाताने ओढूनच खाली करत होते. चौतीस वर्षांची सवय. ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

"मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे टाक," दातवाला म्हणाला. "साधा टॉगल बसवून देईल. अर्ध्या तासाचं काम."

"ते अर्ध्या तासाचं काम नाही," मी इतक्या जोरात म्हणाले, की त्याने हातातल्या काठ्या खाली ठेवल्या.

मग मी जुगाड केला. मध्य आला की वाजवणं सोडून कमरेत वाकायचं, दांडी ओढायची, खाली करायची, उभं राहायचं. चार ठोके जात होते. त्या चार ठोक्यांत बाकीचे तिघं माझ्याकडे, मूल शाळेच्या स्नेहसंमेलनात ओळ विसरल्यावर आईबाप बघतात तसे बघायचे. गाण्याचा कणाच मोडत होता. पण घरी मी म्हणाले, "मस्त चाललंय बाबा." खोटं बोलताना मी फार गोड बोलते. माझ्या नवऱ्याला हे कळतं, बाबांना कळत नसावं असं मला वाटलं.

शनिवारी शेवटचा सराव होता. गाणं मध्यावर आलं, मी वाकले, आणि वाकल्या वाकल्या मला दारात ओळखीच्या चपला दिसल्या. बाबा आले होते, खांद्याला थर्मास, सगळ्यांसाठी चहा घेऊन. मी दांडी चिमटीत धरलेली तशीच वर बघितलं. त्यांना समजायला एक क्षण पुरला. इतकी वर्षं यंत्रं नुसती बघून ओळखलेला माणूस तो. त्यांनी थर्मास खुर्चीवर ठेवला, "गरम आहे तोवर घ्या" म्हणाले आणि निघून गेले.

घरी पोहोचले तेव्हा पेटीला कडी लावलेली होती. अजून खाटेखाली गेली नव्हती, खाटेजवळ होती.

"दोन दिवस तू मला सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले. आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "कंपनीनेही असंच केलं. सगळे गोड बोलत होते. माझी कीव करायला तुला कोणी सांगितलं?"

"कीव नाही केली," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "घाबरले होते. कीव करायला मला वेळ कुठे आहे? ही पेटी परत आत जाईल म्हणून घाबरले होते. आणि आता मला सांगा, एवढे तुम्ही लिफ्टवाले, कुलूपवाला टॉगल लावताना तुमच्या डोक्यात आलं नाही की मी तो पायाने मारणार आहे?"

सासूबाई "अगं" म्हणाल्या. पण आता बोलून झालं होतं.

बाबा चिडतील असं वाटलं. ते विचारात पडले. "टॉगल म्हणजे चुकून कोणाचा धक्का लागून चालू होता कामा नये," ते हळूहळू म्हणाले. "हेच तर आयुष्यभर बघितलं. माणूस छपरावर असतो. एक धक्का लागला तर..."

"बाबा, मला धक्का लागूनच चालू व्हायला हवाय!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि नाकातून बाहेर पडलं. तो चौथ्या प्रकारचा "हं" होता, आणि त्याच्या मागोमाग ते हसायला लागले. सासूबाईही हसल्या, मग मीही. नवरा बाहेरून आला, काय झालं ते त्याला कळलं नाही, तरी तो "हो ना" म्हणाला.

रविवारी सकाळी दहा वाजता पेटी उघडली. कार्यक्रम पाच वाजता. साधा टॉगल हवा होता आणि रविवारी दुकानं बंद. बाबांची नजर घरभर फिरली आणि सासूबाईंच्या शिवणयंत्रावरच्या दिव्यावर थांबली. त्या दिव्याला त्यांनीच कधीकाळी तीन पायांचा लांब दांडीचा टॉगल लावला होता.

"न्या," सासूबाई म्हणाल्या. "पण उद्या मला नवीन लागेल. आणि तो तुम्हीच बसवायचा."

भोक तेच पुरलं. जुना टॉगल काढताना कुलूप सोडवावं तसं त्यांनी त्याला सोडवलं आणि पेटीत परत ठेवला. आता तीन तारा, टॉगलच्या पाठीमागचे तीन पितळी पाय, तीन डाग. बाबांनी पाटी बांधली, सोल्डरिंगचं हत्यार तापवलं आणि हात खिशातून बाहेर काढला. घाईने तो नेहमीपेक्षा जास्त हलत होता. हत्याराचं तापलेलं टोक तारेच्या आसपास भिरभिरलं, एकदा डबीला लागलं, एकदा त्यांच्याच डाव्या बोटाला. त्यांनी हत्यार ठेवलं, बोट पाण्यात घातलं, पुन्हा उचललं. पुन्हा तेच. साडेअकरा वाजले. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण पाटी त्यांची होती.

त्यांनी ते बघितलं. उठले, बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचं झाकण शोधलं, डाव्या हाताने कात्री चालवून त्याचा वेडावाकडा तुकडा कापला, आणि माझ्यापुढे खिळा ठेवला. "याच्यावर तुझी सही कोर. एका कामावर दोन माणसं असतील तर दोन पाट्या."

मी सही कोरली. तुकडा त्यांच्या पाटीशेजारी तारेने बांधला.

"खालचा पाय आधी," ते म्हणाले. "मऊ आवाजाची तार कुठे लावायची, सांग."

"दांडी वर असताना मऊ हवा, म्हणजे वरच्या पायाला."

"चूक. टॉगल आतून उलटा असतो. दांडी वर केली की आत जोड खाली होतो. वरून एक, आतून दुसरं. सासवांसारखं."

"ऐकलं मी," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी डाग देत गेले आणि ते सांगत गेले. "आधी पाय तापव, सोल्डर नंतर. थांब. अजून थांब. आता दे. काढ. फुंकर मारू नकोस, त्या दिवशीच सर्दीचं बोललो ना." पहिला डाग बरा आला. दुसऱ्याला त्यांनी आखूड "हं" दिला, आणि शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता.

तिसरा राहिला, मधला. दांडी वर असो की खाली, आवाज या मधल्या पायातूनच जातो. मी हत्यार त्यांच्याकडे वळवलं. "हा तुमचा."

"नको. बिघडेल."

"बाबा, तुमची पाटी आहे अजून."

त्यांनी घेतलं. कोपर टेबलावर रोवलं, श्वास सोडला. टोक नाचत होतं. तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चौतीस वर्षं ऐकतेय मी, लिफ्टला एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन, म्हणून ती धक्के खात नाही. लिफ्टला वजन बांधता, मग हाताला का नाही बांधत?"

बाबांनी पेटीतला सगळ्यात मोठा पाना काढला, चांगला किलोभराचा. सासूबाईंनी तो त्यांच्या मनगटामागे जुन्या ओढणीने करकचून बांधला. बाबांनी हात उचलला. हलत होताच, पण आता जडपणे, सावकाश, थकलेल्या पंख्यासारखा. टोक पायाला टेकलं. टेकून राहिलं. मी सोल्डरची तार पुढे केली. "आता," ते म्हणाले, आणि सोल्डर वितळून पायाभोवती पाण्यासारखं पसरलं. थंड झालं तेव्हा तो डाग माझ्या दोन्हींपेक्षा चांगला होता. मी ते मोठ्याने म्हणाले, कारण खरंच होतं. बाबा पाना बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी लपवले नाहीत.

झाकण लागलं. बुटाच्या टोकाने मी दांडी वर मारली, खाली मारली. मी माझी पाटी काढली. बाबांनी मात्र हात उचलला नाही. "माझी जागेवर निघेल. लिफ्टची चाचणी माणसं भरून करतात, घरी नाही." मग ते अंघोळीला गेले, दातवाला गाडी घेऊन खाली हॉर्न वाजवायला लागला, आणि मी डबी पिशवीत टाकून पळाले.

पाच वाजता सभागृह जवळजवळ भरलं होतं. पडदा नव्हता, आम्ही सगळ्यांसमोरच वायरी जोडत होतो. मी पिशवीतून डबी काढली तर पायाच्या बटणाला टिनाची पाटी तशीच लटकत होती. काम चालू आहे. हात लावू नये. तारेला तीन पीळ.

"अरे, हे राहिलं," म्हणत दातवाल्याने हात घातला. मी त्याच्या हातावर फटका मारला. चांगला आवाज आला, पुढच्या रांगेने ऐकला.

"वेळ झालीये," तो हात चोळत म्हणाला. "नुसती तार तर आहे."

मी माइकपाशी गेले. तिसऱ्या रांगेत बाबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हात खिशात, शेजारी सासूबाई. "बाबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज छताला जाऊन आपटला. "तुमची पाटी राहिलीये."

शंभर-सव्वाशे माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. दोन वर्षं हा माणूस चार पाहुण्यांसमोर बसत नव्हता. बाबा हलले नाहीत. मला वाटलं, ते उठतील आणि दाराकडे जातील, पाय मोकळे करायला. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्यांनी फक्त आपले गुडघे बाजूला करून वाट दिली.

ते उठले. पायऱ्या चढून वर आले, माझ्यासमोर खाली बसले आणि खिशातून हात बाहेर काढला. पाना नव्हता, ओढणी नव्हती. हात दिव्याच्या उजेडात हलत होता आणि पाटी तारेवर टिणटिण वाजत होती. पहिला पीळ सुटायला बराच वेळ लागला. सभागृहात कोणीतरी खोकलं. दुसरा पीळ सुटला. दातवाला काठ्या मांडीवर ठेवून बघत होता, त्याच्या लक्षात आलं होतं. मी वाकले नाही, मदत केली नाही, आणि आयुष्यात इतकं कठीण काही केलेलं मला आठवत नाही. तिसरा पीळ सुटला.

बाबांनी पाटी वरच्या खिशात टाकली आणि उभे राहिले. "आता मार लाथ," म्हणाले.

गाण्याचा मध्य आला तेव्हा मी बघितलंही नाही, नुसता बूट पुढे टाकला. दांडी पडली आणि आवाज असा उसळला की पहिल्या रांगेतली माणसं खुर्चीत मागे सरकली. एक ठोकाही गेला नाही. मग मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. बाबा मान तिरकी करून, कान देऊन ऐकत होते. उजवा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता, कोणालाही दिसेल असा, आणि हलत होता.